नवीन पीसी सारखा क्रॅश होतोय? थांबा, फॉरमॅट मारू नका

प्रश्न : नमस्कार सर, दिवाळीत घरीच पीसी असेंबल केला, रायझन ५ ७६०० प्रोसेसर, बी६५० मदरबोर्ड, डीडीआर५ ६००० रॅमचं ३२ जीबी किट. मस्त चालला. मग व्हिडिओ एडिटिंगला रॅम कमी पडायला लागली म्हणून सेम मॉडेलचं अजून एक ३२ चं किट टाकलं आणि तिथून वाट लागलीये. ब्लू स्क्रीन येतो पण दर वेळी कोड वेगळा, एकदा मेमरी मॅनेजमेंट, एकदा आयआरक्यूएल काहीतरी. क्रोमचे टॅब आपोआप उडतात. मोठी झिप उघडली की करप्ट म्हणतं, आणि तीच फाइल थोड्या वेळाने नीट उघडते! दुकानदार म्हणाला फॉरमॅट मारा, मारला, काही फरक नाही. आता म्हणतोय बोर्ड बदला. काय करू?
– एक वाचक, सांगली

उत्तर : बोर्डाचे पैसे खिशातच राहू द्या. आणि फॉरमॅट तर आता कुणीही सांगितलं तरी मारू नका, कारण ज्या मशीनच्या रॅमवर भरवसा नाही तिच्यावर विंडोज टाकलं तर त्या सगळ्या फायली त्याच रॅममधून डिस्कवर उतरतात, म्हणजे नवं कोरं विंडोजही पहिल्या दिवसापासून बिघडलेलं असू शकतं, मग मूळ दोष काढला तरी क्रॅश चालूच राहतात आणि माणसाचं डोकं फिरतं.

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट ती झिपची आहे. तीच फाइल एकदा करप्ट आणि एकदा ठीक, याचा अर्थ डिस्कवर ती बरोबरच आहे, वाचताना मध्येच कुठेतरी गडबड होतेय. त्यात ब्लू स्क्रीनचा कोड दर वेळी वेगळा. साधारण असं असतं की ड्रायव्हर खराब असेल तर तोच तो कोड आणि बऱ्याचदा त्याच फाइलचं नाव येतं, पण रॅम गडबडली तर जो प्रोग्राम त्या वेळी तावडीत सापडेल तो मरतो, म्हणून कोड बदलत राहतात.

आता खरी मेख. खोक्यावर लिहिलेला ६००० हा स्पीड त्या किटमधल्या दोन स्टिकपुरता (स्टिक म्हणजे रॅमची पट्टी) आहे, आणि तोही एक्स्पो प्रोफाइल, म्हणजे रॅम जोरात पळवायची तयार सेटिंग, चालू केल्यावर, म्हणजे खरं तर ओव्हरक्लॉकच, अधिकृत स्पीडच्या वर पळवणं. एएमडीने ७६०० साठी दिलेला अधिकृत स्पीड दोन स्टिकला ५२०० आहे, चार स्टिक लावल्या की थेट ३६००. दोन किट सेम मॉडेलची असली तरी चौघी मिळून ६००० ला पळतील असं कुणीही लिहून दिलेलं नाही. दुकानदाराला हे माहीत असायला हवं होतं, असो.

करायचं काय, तर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारं बोर्डाचं सेटिंग) जाऊन लोड ऑप्टिमाइझ्ड डिफॉल्ट्स करा, एक्स्पो बंद होईल. त्यानंतर पहिल्यांदा चालू करताना स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते, डीडीआर५ ला मेमरी ट्रेनिंग लागतं, म्हणजे बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो, आणि चार स्टिकना जास्तच लागतं, लोक घाबरून पॉवर बटण दाबून धरतात आणि तेच परत पहिल्यापासून सुरू होतं, तेव्हा चहा टाका आणि वाट बघा. मग पेनड्राइव्हवर मेमटेस्ट८६ प्लस हा रॅम तपासणारा प्रोग्राम टाकून (फुकट आहे, बायोसमधलं सिक्युअर बूट अडवत असेल तर तेवढ्यापुरतं बंद करा) रात्रभर चालू ठेवा. सकाळी एक जरी लाल एरर दिसली तरी नापास, इथे ‘एवढं चालतं’ असलं काही नसतं.

डिफॉल्टवर पास झाली तर रॅम चांगली आहे, फक्त तिला चौघींत ६००० झेपत नाही. मग थोडा कमी स्पीड स्वीकारा, नाहीतर ३२-३२ च्या दोन स्टिकचं एकच किट घेऊन ही दोन्ही विका. मी दुसरं करेन. डिफॉल्टलाही एरर आल्या तर मात्र एकेक स्टिक एकाच स्लॉटमध्ये लावून तपासा, स्लॉट प्रोसेसरपासून मोजून दुसरा. एरर एकाच स्टिकबरोबर फिरत असेल तर ती स्टिक गेली, वॉरंटीत द्या, आणि बहुतेक वेळा किटमधली जोडीदारही सोबत पाठवावी लागते. सगळ्याच स्टिक एका ठराविक स्लॉटमध्ये नापास होत असतील तर प्रोसेसर काढून सॉकेटच्या पिना टॉर्चने बघा, एएम५ मध्ये, म्हणजे तुमच्या बोर्डाच्या सॉकेटमध्ये, पिना बोर्डावर असतात आणि एखादी वाकली की अख्खा मेमरी चॅनल रुसतो.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. विंडोज टाकायचंच असेल तर या सगळ्यानंतर.

प्रश्न : गेम खेळताना पीसी खटकन बंद होतो आणि परत सुरू होतो, ब्लू स्क्रीन नाही काही नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजची नोंदवही) कर्नल-पॉवर ४१ दिसतं. नेटवर म्हणतात एसएमपीएस, म्हणजे पीसीचा पॉवर सप्लाय, गेला. ग्राफिक्स कार्ड ४०७० सुपर, एसएमपीएस ७५० वॉटचा नवीन, यूपीएस ६०० व्हीए. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात ते वेगळंच.
– एक वाचक, अमरावती

उत्तर : ४१ नंबर म्हणजे नुसता पंचनामा हो. मशीन नीट शटडाउन न होता बंद पडलं एवढंच तो सांगतो, कुणी पाडलं ते नाही. त्या नोंदीच्या डिटेल्समध्ये बगचेक कोड (ब्लू स्क्रीनचा नंबर) ० असेल तर विंडोजला क्रॅश नोंदवायलाच वेळ मिळाला नाही, म्हणजे वीज तुटली किंवा सगळं एकदम गोठलं.

तुमच्या बाबतीत मला पहिला संशय यूपीएसवर आहे. ६०० व्हीए ऐकायला बरं वाटतं पण असे घरगुती यूपीएस बहुतेक ३६० वॉटचे असतात. तुमचं कार्ड एकटं २२० वॉटचं, क्षणभर त्याच्याही वर उडी मारतं, त्यात प्रोसेसर आणि मॉनिटर. लाइट थोडा डाउन होऊन यूपीएस बॅटरीवर गेला की खेळ खल्लास. एक संध्याकाळ पीसी थेट भिंतीच्या सॉकेटवर लावून तोच गेम खेळा. बंद नाही झाला तर चोर सापडला, १००० व्हीएच्या पुढचा घ्या आणि व्हीए नको, वॉटचा आकडा वाचा. तरीही बंद झाला तर कार्डाच्या ॲडॉप्टरला एसएमपीएसमधून दोन वेगळ्या वायरी लावा, एकाच वायरीची दोन तोंडं नकोत, आणि कनेक्टर पूर्ण आत गेलाय ना ते डोळ्यांनी बघा. ते करूनही तेच झालं तर मग एसएमपीएस बदलून बघायचा.

झिणझिण्या मात्र आधी. एसएमपीएसच्या फिल्टरमधून थोडा करंट अर्थिंगकडे जायचा असतो, घरात अर्थिंगच नसेल तर तो कॅबिनेटवर बसून राहतो. गेम नंतर, इलेक्ट्रिशियन उद्याच्या उद्या.

प्रश्न : २०२३ अखेरीस इंटेलचा आय७ १४७००के प्रोसेसर घेऊन पीसी बनवला. हल्ली काही गेम ‘आउट ऑफ व्हिडिओ मेमरी’ म्हणून बंद पडतात. कार्ड १२ जीबीचं आहे!
– एक वाचक, ठाणे

उत्तर : कार्डाला दोष देऊ नका. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीतल्या डेस्कटॉप चिपना प्रमाणाबाहेर व्होल्टेज जाऊन त्या हळूहळू झिजत होत्या, आणि हा मेसेज हे त्याचं गाजलेलं लक्षण. इंटेलने २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मायक्रोकोडचे (चिपच्या आतल्या सूचनांचे) अपडेट दिले, ते बोर्डाच्या बायोसमधून येतात, तेव्हा लेटेस्ट बायोस टाका आणि पॉवर लिमिट इंटेल डिफॉल्टवर ठेवा. पण अपडेटने पुढची झीज थांबते, झालेली भरून येत नाही. त्यानंतरही गेम पडत असतील तर प्रोसेसर वॉरंटीत पाठवा, या चिपच्या वॉरंटीची मुदत इंटेलने दोन वर्षं वाढवून पाच केलीय, बिल शोधून ठेवा.