एचबीए१सी ६.४, तरी वडील दिवसेंदिवस क्षीण का होताहेत?

वडील ७८ वर्षांचे, मधुमेह जुना, रोज ग्लिमेपिराइड (साखर उतरवणारी गोळी) आणि रात्री इन्सुलिन. वर्षभरात वजन पाच किलोंनी उतरलं, दोनदा तोल जाऊन पडले. तरी एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा आकडा) ६.४ आल्याने घरात सगळे निर्धास्त आहेत, असं तुम्ही लिहिलंय. मला मात्र काळजी त्या ६.४ चीच वाटते.

उतारवयात जेवण कमी होतं, मूत्रपिंडं मंदावतात आणि औषधाचा जुनाच डोस जड होऊ लागतो. साखर ७० च्या खाली जाते, पण घाम किंवा थरथर दिसेलच असं नाही. माणूस गोंधळतो, चिडतो, अडखळतो, आणि आपण म्हणतो, वय झालं. त्यांच्या पडण्याच्या वेळची साखर कुणी तपासली होती का? पुढच्या डॉक्टरभेटीआधी काही दिवस जेवणाआधी आणि एक-दोनदा पहाटे तीनच्या सुमारास साखर मोजून लिहून ठेवा.

डॉक्टर ज्याला फ्रेल्टी (उतारवयातली क्षीणता) म्हणतात, तिची पाच लक्षणं पाहतात: आपोआप घटलेलं वजन, सततचा थकवा, मंद चाल, हाताची सैल पकड आणि कमी झालेली हालचाल. तीन किंवा अधिक असली तर फ्रेल्टी. घरी चार मीटर अंतर त्यांच्या नेहमीच्या चालीने चालायला सांगा. पाच सेकंदांहून जास्त लागले तर चाल मंदावली आहे. मधुमेहात हे लवकर येतं, कारण इन्सुलिनचा परिणाम नीट न झाल्याने स्नायू झिजतात, आणि रक्तातली बरीचशी साखर वापरणारे हेच स्नायू कमी झाले की साखर आवरणं आणखी अवघड होतं. पायाच्या नसा बधिर असतील तर तोलही जातो.

म्हणून अशा व्यक्तीसाठी एचबीए१सीचं लक्ष्य सैल ठेवतात. तब्येत ठणठणीत असेल तर ७ ते ७.५ च्या आत. बरेच आजार किंवा परावलंबन असेल तर ८ च्या आत. फारच क्षीण माणसाच्या बाबतीत आकड्यामागे न लागता साखर खाली जाऊ न देणं आणि फार वाढलेल्या साखरेचा त्रास टाळणं, एवढंच पाहतात. ग्लिमेपिराइड कमी किंवा बंद करता येईल का, इन्सुलिन किती उतरवायचं, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. मनाने काहीही थांबवू नका. वजन घटण्याची इतर कारणंही शोधायला लावा: थायरॉइड, नैराश्य, दात, गिळण्याचा त्रास, कॅन्सर. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी चालू असेल तर बी१२ जीवनसत्त्व तपासायला हवं. बसल्यावर आणि उभं राहिल्यावर रक्तदाब मोजायला सांगा; वरचा आकडा २० किंवा जास्त घसरत असेल तर पडण्याचं तेही कारण असू शकतं.

जेवणातली कडक बंधनं आता सोडवा, हे मी आग्रहाने सांगते. मूत्रपिंडाचा आजार नसेल तर वजनाच्या दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात. ६० किलोच्या माणसाला साधारण ६० ते ७२ ग्रॅम, आणि तीही तिन्ही जेवणांत विभागून. नुसत्या फेऱ्यांनी मांड्यांत बळ येत नाही. भक्कम खुर्चीवरून उठणं-बसणं, आधाराला कुणीतरी शेजारी; फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घ्या. व्यायामाआधी साखर पाहा.

साखर उतरली आणि ते शुद्धीवर असतील तर लगेच १५ ग्रॅम ग्लुकोज द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीच घालू नका, कुशीवर वळवा आणि रुग्णवाहिका बोलवा.