वाचक विचारतात : 'मोर बिगर' कसं सुटेल?

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही इंदूरला राजेंद्र नगरमधे राहतो, घरी मराठी, गल्लीत हिंदी आणि शाळा इंग्लिश मीडियमची. धाकटा चौथीत आहे. सध्या डिग्री ऑफ कम्पॅरिझन चालू आहे आणि रोज रडारड. 'माय बॅग इज मोर हेवियर फ्रॉम हर बॅग' असं लिहून आला, टीचरनी अख्ख्या वाक्यावर लाल रेघ मारली. गुड, गुडर, गुडेस्ट पण म्हणतो. टॉल-टॉलर-टॉलेस्टचा तक्ता धडाधड म्हणून दाखवतो पण वाक्य लिहायला सांगितलं की सगळं गायब. मोठीला हेच एका दिवसात आलं होतं. काय करू?
(एक आई, इंदूर)

उत्तर : आधी ती लाल रेघवाली ओळ परत वाचा, कारण मला त्यात मुलाचं डोकं अगदी नीट चाललेलं दिसतंय. आपण काय म्हणतो, 'तिच्या बॅगेपेक्षा माझी बॅग जास्त जड आहे'. हिंदीत 'उसके बैग से ज़्यादा भारी'. दोन्हीकडे 'जड' आणि 'भारी' जसेच्या तसे राहिले, बाजूला फक्त 'जास्त' येऊन बसला. मराठीत मोठा-मोठी-मोठं असं विशेषण बदलतं खरं, पण ते मुलगा-मुलगी बघून बदलतं, कमी-जास्त बघून नाही. म्हणजे तुलनेसाठी शब्दाचं शेपूट बदलायचं असतं ही गोष्टच त्याला आजवर कुठल्या भाषेने शिकवलेली नाही. त्याने 'जास्त'चं मोर केलं, मग तक्ता आठवला म्हणून हेवियर पण लावलं, आणि 'से'चं भाषांतर केलं फ्रॉम. तीनही चुकांना कारण आहे आणि ते कारण त्याला सांगितलं तर तो पुढच्या वेळी स्वतः थांबेल, नुसती रेघ मारून थांबणार नाही.

म्हणून पहिलं वाक्य पाठ करून घ्या ते असं : इंग्लिशमधे 'जास्त' एकदाच लावायचं. एकतर शब्दाच्या शेवटी ई-आर, नाहीतर आधी मोर, दोन्ही एकदम कधीच नाही. आणि 'पेक्षा' म्हणजे दॅन, फक्त आपला 'पेक्षा' नावाच्या मागे चिकटतो आणि त्यांचा दॅन नावाच्या पुढे उभा राहतो. हे बोटाने दाखवा, बॅगेपेक्षा, दॅन हर बॅग.

आता तक्ता बाजूला ठेवा आणि बाजारातून तीन प्रकारची शेव आणा. इंदुरात राहून ह्याला काही अडचण येऊ नये. एक बारीक शेव, एक लौंग (लवंगेची) शेव, एक जाडी. तीन वाट्या टेबलावर आणि वही बंद. अट एवढीच की खायच्या आधी इंग्लिशमधे एक वाक्य बोलायचं. ही शेव त्या शेवेपेक्षा जाड, थिकर. ही सगळ्यात बारीक, द थिनेस्ट. लौंग शेव तिखट, स्पायसियर. कुठली जास्त चविष्ट, मोर डिलिशस. आणि शेवटी त्याला कुठली आवडली, बेटर कुठली, बेस्ट कुठली. बघा, एका प्लेटीत जवळजवळ सगळे नियम आले : थिक सरळ ई-आर घेतो, थिनचा एन डबल होतो, स्पायसीचा वाय जाऊन आय येतो, डिलिशसला मोर लागतं, गुड तर अख्खाच बदलतो. तोंडात चव असताना हे बोललं गेलं की लक्षात राहतं, मी वर्गात हेच पेन्सिली आणि डबे घेऊन केलंय, पण खाण्याइतकं काही चालत नाही.

कुठे ई-आर आणि कुठे मोर हे कसं कळणार, तर टाळ्या वाजवून. थिन, एक टाळी. एका टाळीवाले शब्द ई-आर घेतात. दोन टाळ्या आणि शेवटी वाय, जसा स्पाय-सी, हॅ-पी, हे-वी, ते पण ई-आरच घेतात, आय करून. तीन टाळ्या किंवा जास्त, डि-लि-शस, ब्यु-टि-फुल, त्यांना मोर आणि मोस्ट. मधले काही दोन टाळीवाले दोन्हीकडे चालतात, क्लेव्हर, सिंपल, क्वाएट वगैरे, त्यांच्यावर चौथीत जीव काढू नका. एक मात्र बघा, आपल्या इकडे बरीच मुलं हिंदीच्या सवयीने स्मॉलला 'इस्मॉल' आणि क्लीनला 'किलीन' म्हणतात, मग एकाच्या दोन टाळ्या होतात आणि मूल 'मोर स्मॉल' करून बसतं. तिथे आधी उच्चार नीट करून घ्या, व्याकरण नंतर.

डबल अक्षराचं कारण पण सांगा. हॉटला नुसतं ई-आर लावलं तर वाचणारा 'होटर' वाचेल, छोटा स्वर छोटाच रहावा म्हणून टी डबल. बिग, थिन, वेट, सॅड सगळे तसेच. पण क्लीनमधे स्वराची दोन अक्षरं आधीच आहेत आणि फास्टमधे शेवटी दोन व्यंजनं, म्हणून तिथे डबल करायची गरज नाही.

गुडर-गुडेस्टवर रागवू नका प्लीज. नियम कळलाय म्हणूनच तो गुडर म्हणतोय. उलट त्याला विचारा, ज्येष्ठ, कनिष्ठ, श्रेष्ठ, शेवटी काय ऐकू येतं? हा 'इष्ठ' आणि इंग्लिशचा 'एस्ट' एकाच जुन्या भाषाकुळातून आलेले सख्खे नातेवाईक आहेत. आणि संस्कृतातही वृद्धचं ज्येष्ठ होतं, प्रशस्यचं श्रेष्ठ होतं, हे पाणिनीनेच सांगून ठेवलंय, म्हणजे अख्खा शब्द बदलणं ही काही इंग्लिशचीच खोड नाही. तुम्ही स्वतः शाळेत लघुत्तम-महत्तम केलं असेल, तो 'तम' म्हणजेच मोस्ट, आणि 'तर' म्हणजे मोर. आपण 'तारतम्य' म्हणतो तो शब्द ह्याच तर-तम मधून आला. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा इतका आनंद झाला होता की अजून प्रत्येक बॅचला सांगते, आणि मुलांचे डोळे खरंच मोठे होतात.

बेटर-बेस्ट, वर्स-वर्स्ट, मोर-मोस्ट, लेस-लीस्ट, हे थोडेच आहेत, हे मात्र पाठ करायचे.

शेवटचं, आणि हे मी जरा जोर देऊन सांगते. हा धडाच तुलनेचा आहे म्हणून घरात उदाहरणं देताना दोन मुलांना समोरासमोर उभं करू नका. मोठीला एका दिवसात आलं हे त्याच्यासमोर किती वेळा बोललं गेलंय ते आठवून बघा. 'युवर सिस्टर इज स्मार्टर दॅन यू' हे वाक्य व्याकरणाने बरोबर आहे, पण त्याला त्यात व्याकरण ऐकू येणार नाही आणि तो पान मिटून टाकेल. शेव, इमारती, मे आणि जानेवारी, ह्यांची तुलना करा, राजवाडा सात मजली आहे, तुमची बिल्डिंग किती मजली, इतकं पुष्कळ आहे.

प्रश्न : नातू सहावीत आहे. पेपरात 'चेंज द डिग्री' असा प्रश्न येतो, एकच वाक्य तीन प्रकारे लिहायचं. तो नुसते शब्द फिरवतो आणि अर्थ बदलून जातो. आमच्या वेळी हे हिंदीतून शिकवायचे, मलाही समजावता येत नाही.
(एक आजोबा, इंदूर)

उत्तर : आजोबा, उदाहरण तुमच्या शहराच्या भिंतींवरच लिहिलेलं आहे. स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर २०१७ पासून २०२३ पर्यंत सलग सात वेळा पहिलं आलं, त्यामुळे क्लीनेस्ट सिटी हा शब्द तुमच्या नातवाने पाळण्यात असल्यापासून ऐकलाय. तिथूनच सुरू करा. 'इंदूर इज द क्लीनेस्ट सिटी इन इंडिया.' सुपरलेटिव्ह आहे, म्हणजे 'सगळ्यात' वालं, आधी द विसरायचा नाही. आता तेच कम्पॅरेटिव्हमधे, म्हणजे 'पेक्षा' लावून, 'इंदूर इज क्लीनर दॅन एनी अदर सिटी इन इंडिया.' आणि पॉझिटिव्हमधे, म्हणजे मूळ शब्द न बदलता, 'नो अदर सिटी इन इंडिया इज ॲज क्लीन ॲज इंदूर.'

मुलं अदर गाळतात. त्याला विचारा, इंदूर भारतात आहे की नाही? आहे. मग 'एनी सिटी'मधे इंदूर पण आलं, म्हणजे इंदूर इंदूरपेक्षा स्वच्छ असं झालं. हे एकदा पटलं की अदर कधी सुटत नाही.

अर्थ बदलतो तो बहुतेक 'वन ऑफ द' वाल्या वाक्यात. 'वन ऑफ द बिगेस्ट' म्हणजे सगळ्यात मोठं नाही, मोठ्यांपैकी एक. तिथे 'एनी अदर' लावलं की चूक, तिथे 'मोस्ट अदर' येतं, आणि पॉझिटिव्हला 'व्हेरी फ्यू'. लिहायच्या आधी नातवाकडून वाक्याचा अर्थ मराठीत नाहीतर हिंदीत बोलून घ्या, नंबर एक आहे की पहिल्या काहींमधला एक आहे, मगच पेन उचलायचं. तुम्हाला इंग्लिश फार यायची गरज नाही, हा प्रश्न तुम्ही विचारलात तरी अर्धं काम झालं.

प्रश्न : 'माय एल्डर सिस्टर इज एल्डर दॅन मी' हे बरोबर आहे का? मुलीच्या वहीत टीचरनी अर्धंच खोडलंय.

उत्तर : टीचरनी बरोबर अर्धं खोडलंय. एल्डर फक्त नात्याच्या आधी येतो, एल्डर सिस्टर, एल्डर ब्रदर. पुढे दॅन आला की ओल्डर, म्हणून 'शी इज ओल्डर दॅन मी'. आणि 'माझ्यापेक्षा मोठी'चं बिगर करायचं नाही, बिगर म्हणजे अंगाने मोठी. सीनियर आणि ज्युनियरला मात्र दॅन नाही, टू लागतो.