नीती, नीतिमत्ता, नैतिकता : मानपत्रात नेमकं काय लिहावं?

प्रश्न कोपरखैरण्याहून आला आहे. तिथल्या एका सोसायटीत राहणाऱ्या मॅडम तत्त्वज्ञान शिकवतात. एथिक्स आणि मॉरल थॉट ह्या विषयांवरचे त्यांचे शोधनिबंध प्रसिद्ध झाले आहेत, म्हणून गणेशोत्सवात त्यांचा सत्कार ठरला आहे. मानपत्राच्या मसुद्यात 'मॅडमनी नैतिकतेवर मोलाचे संशोधन केले आहे' असं वाक्य होतं. त्यावर समितीतले एक काका म्हणाले, हे कुणाच्या तरी वागणुकीची चौकशी केल्यासारखं वाटतं. मग शब्द कोणता घ्यायचा? नीतिशास्त्र, नीतिमत्ता, की नीतिमूल्ये? शिवाय एथिक्स आणि मोरॅलिटी ह्यांना मराठीत दोन वेगळे शब्द आहेत का, असंही विचारलं आहे.

'नीतिशास्त्र' लिहा. काकांना जे खटकलं ते अगदी बरोबर आहे, आणि का खटकलं ते बघण्यासारखं आहे.

'अनैतिक' हा शब्द वर्तमानपत्रात कुठे भेटतो ते आठवा. दहापैकी नऊ वेळा पुढे 'संबंध' हाच शब्द असतो. भेसळ करणाऱ्या दुकानदाराला आपण लबाड म्हणतो, लाच खाणाऱ्याला भ्रष्ट म्हणतो. अनैतिक म्हणत नाही. एवढा मोठा शब्द, पण बोलण्यात तो स्त्रीपुरुष संबंधांपुरता आक्रसून गेला. 'चारित्र्य' ह्या शब्दाचंही तेच झालं, आणि त्याचा जाच बायकांना जास्त झाला. त्यामुळे एका बाईंच्या सत्कारात 'नैतिकतेवर संशोधन' हे शब्द आले की ऐकणाऱ्याच्या कानात ती सावली पडते. शब्दाचा त्यात काही दोष नाही, पण मानपत्र मोठ्याने वाचलं जातं, तेव्हा कानाचं ऐकायलाच हवं.

आता घडण. संस्कृतात 'नी' म्हणजे नेणे. नेता, नायक, विनय, निर्णय, उपनयन हे सगळे ह्याच धातूचे. नीती म्हणजे नेणारी रीत, वाट. 'नीती'ला 'इक' लागून आद्य स्वराची वृद्धी झाली की 'नैतिक', जसं दिनचं दैनिक. त्याला पुन्हा 'ता' जोडला की 'नैतिकता', म्हणजे नामाचं विशेषण आणि विशेषणाचं परत नाम. 'नीतिमत्ता' वेगळ्या वाटेने येते. नीतिमान माणसाचा 'नीतिमत्', त्याला 'ता', म्हणून जोडाक्षर 'त्ता'. बुद्धिमत्ता तशीच. त्यामुळे नीतिमत्ता हा अंगी असलेला, कमावलेला गुण. मॅडमची नीतिमत्ता हा मॅडमचा गुण झाला, अभ्यासविषय नव्हे. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत 'कॉन्स्टिट्यूशनल मोरॅलिटी'बद्दल बोलताना, ही भावना उपजत नसते, ती जोपासावी लागते, असं सांगितलं होतं. तिच्यासाठी मराठीत 'नैतिकता' आणि 'नीतिमत्ता' दोन्ही चालतात, पण जोपासायची गोष्ट म्हणून मला 'संवैधानिक नीतिमत्ता' जास्त पटते.

'नीतिशास्त्र'ही सहज रुळलेला शब्द नाही. जुन्या ग्रंथांत नीती म्हणजे मुख्यतः राजनीती, दंडनीती. कर्तव्य काय, अकर्तव्य काय, हा विचार धर्मशास्त्राच्या पोटात असे. टिळकांनी १९१५ च्या गीतारहस्यात ही अडचण मांडली आहे, आणि आपल्या विषयाला 'कर्मयोगशास्त्र' हे नाव दिलं आहे. पुढे १९१९ मध्ये वामन मल्हार जोशींनी पुस्तकाचं नावच 'नीतिशास्त्रप्रवेश' ठेवलं. म्हणजे ह्या शब्दाला मराठीत शंभराहून अधिक वर्षांचा वापर आहे. तो मानपत्रात घालताना बिचकू नका. जुना राजकीय अर्थही गेलेला नाही: रणनीती, परराष्ट्रनीती आपण रोज म्हणतो. अमर्त्य सेन ह्यांनी २००९ च्या 'द आयडिया ऑफ जस्टिस'मध्ये नीती आणि न्याय असा भेद केला, तिथेही 'नीती' म्हणजे नियम आणि संस्थांची व्यवस्था, आणि 'न्याय' म्हणजे त्यातून लोकांच्या वाट्याला प्रत्यक्ष काय आलं ते.

एथिक्स आणि मोरॅलिटीला दोन शब्द नाहीत म्हणून हळहळायचं कारण नाही. रोमन विचारवंत सिसेरोने 'एथिकल'च्या मूळ ग्रीक शब्दासाठी लॅटिनमध्ये 'मोरालिस' हा शब्द घडवला, 'मोस' म्हणजे रीत, ह्यावरून. म्हणजे मॉरल हे मुळात एथिकलचंच भाषांतर. पुढे तत्त्वज्ञांनी कामापुरता भेद केला: लोक पाळतात ते एक, त्याची तपासणी करतो तो विचार दुसरा. तो भेद मराठीत 'नीती' आणि 'नीतिशास्त्र' ह्या जोडीत बसतो. तपासणीवरच भर द्यायचा तर 'नीतिमीमांसा' म्हणा. मला हा शब्द फार आवडतो, पण मंडपात तो जड जाईल. माझी आजी, ठाण्यात चरईत आयुष्य गेलेली, चौथीपर्यंत शिकलेली, सुटे पैसे जास्त परत आले की दुकानात माघारी जायची. आम्ही हसलो की म्हणायची, "जनाची नाही, निदान मनाची तरी?" लाज हा शब्द ती उच्चारायचीही नाही. जनाची आणि मनाची, लोकांची रीत आणि आतला न्यायाधीश, हा भेद तिला कुणी शिकवला नव्हता.

मॅडमच्या एका निबंधाच्या शीर्षकात 'मॉरल डिलेमा' आहे, त्याला काय म्हणावं हेही विचारलंय. 'धर्मसंकट'. महाभारताच्या कर्णपर्वातला कौशिक नावाचा तपस्वी सत्यव्रताला जागून दरोडेखोरांना लपलेल्या माणसांचा ठावठिकाणा सांगतो आणि नरकात जातो. खरं बोलणं आणि जीव वाचवणं, दोन्ही धर्मच, आणि दोन्ही एकदम पाळता येत नाहीत. हल्ली धर्म म्हटलं की रिलिजन वाटतो, म्हणून काहीजण 'नैतिक पेच' लिहितात. चालतं, पण पेच बुद्धीने सुटतो. संकटातून काहीतरी गमावूनच बाहेर पडावं लागतं.

एक इशारा. नेरुळला एका रुग्णालयाच्या संमतीपत्रावर मी 'नैतिक समिती' असं वाचलं होतं. एथिक्स कमिटीचं ते भाषांतर. वाचणाऱ्याला वाटेल, बाकीच्या समित्या अनैतिक! 'नैतिक'चे दोन अर्थ आहेत: नीतीविषयीचा, आणि नीतीला धरून असलेला. 'नैतिक प्रश्न' पहिला, 'नैतिक माणूस' दुसरा. शंका आली की विशेषण सोडून समास करावा: नीतिविषयक समिती, नीतिविचार.

तर वाक्य असं करा: 'मॅडमचे नीतिशास्त्र आणि नीतिविचार ह्या विषयांवरील शोधनिबंध प्रसिद्ध झाले आहेत.' आणि फ्लेक्स छापायला देण्याआधी अक्षरं तपासा. एकटा शब्द 'नीती', दोन्ही दीर्घ; समासात 'नीतिशास्त्र', ति ऱ्हस्व. 'निती' कुठेच नाही. छपाईवाले घाईत हमखास तेच टाइप करतात.