‘जस्ट विंग इट’ म्हणणाऱ्या लोकांत राहायला येताना

नवऱ्याची इंग्लंडमधल्या रेडिंगला बदली होतेय, आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत चांगले बँड मिळालेत, तरी रोजचं इंग्रजी जमेल का, सहा वर्षांच्या मुलीचं शाळेत कसं होईल आणि तिथे एकटेपणा येतो का, असं तुम्ही विचारलंय. व्हिसा आणि आरोग्य अधिभाराची माहिती सरकारी संकेतस्थळावर नीट दिलेली आहे, ती मी परत सांगत बसत नाही. पण तुमचा प्रश्न वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये, म्हणून जरा लांबण लावते.

परीक्षेतलं इंग्रजी तुम्हाला येतं. अडतं ते दुसऱ्याच शब्दांपाशी. तयारी न करता, जमेल तसं काहीतरी करण्यासाठी इथे ढीगभर शब्द आहेत: ‘विंग इट’, ‘हॅव अ स्टॅब’, ‘ऑफ द कफ’, ‘प्ले इट बाय इअर’. आपल्याकडेही आहेत, पण वेळ मारून नेली, अंदाजपंचे ठोकून दिलं, असं म्हटलं की त्यात नाराजी आलीच. इथे माणूस उत्तम सादरीकरण करून खाली बसतो आणि हसत म्हणतो, ‘आय जस्ट विंग्ड इट.’ त्यावर विश्वास ठेवू नका. त्याने आदल्या रात्री घरी बसून तयारी केलेली असते, ती दिसू द्यायची नसते एवढंच.

त्या शब्दांच्या पोटातही तयारी आहेच. विंग म्हणजे आपल्या नाटकातली तीच विंग. संवाद पाठ नसलेला नट विंगेतल्या प्रॉम्प्टरच्या भरवशावर वेळ निभावून न्यायचा, त्यावरून ‘विंग इट’ आलं. म्हणजे संहिता हातात धरून कुणीतरी आत उभं असायचंच. शर्टाच्या कफवर टिपणं लिहून आणत, त्यावरून ‘ऑफ द कफ’ आलं असं सांगतात. आणि ‘इम्प्रॉम्प्टू’ हा शब्द ज्या लॅटिन शब्दांतून आला, त्यांचा अर्थच मुळी ‘हाताशी तयार’ असा आहे.

म्हणून कामाच्या ठिकाणी साहेबाने ‘ऑफ द टॉप ऑफ युअर हेड, किती दिवस लागतील?’ विचारलं तर गप्प राहू नका, ‘बघून सांगते’ असंही म्हणू नका. एक ढोबळ आकडा द्या, पक्का नंतर मेलवर कळवते म्हणा. सिगारेटच्या पाकिटामागे मांडलेला हिशेब, ‘बॅक ऑफ अ फॅग पॅकेट’, अशा उत्तराला म्हणतात आणि त्यावरून कुणी धरून बसत नाही. गप्प राहिलं, की मात्र हिला विषय कळत नाही असा समज होतो.

कागदपत्रांतही हीच भाषा. एका कार्यालयात फोनवर ताटकळत ठेवून शेवटी बाई म्हणाल्या, ‘जस्ट पॉप इट इन द पोस्ट.’ जणू दिवाळीचं भेटकार्ड. पाठवायचा होता मूळ विवाह दाखला! तो परत हातात पडेपर्यंत मला झोप नव्हती. ‘जस्ट’ ऐकलं की पोच मिळेल अशा टपालाने पाठवायचं, ती पोच जपून ठेवायची आणि आधी स्कॅन करून घ्यायचं.

आता मुलीचं. हे लिहिताना माझा आवाज चढतो, आधीच सांगते. माझी लेक वर्गात ‘शो अँड टेल’ला, म्हणजे घरून आणलेली वस्तू दाखवून तिच्याबद्दल बोलायला, छोटा गणपती घेऊन गेली होती. आठवडाभर चार वाक्यं पाठ केली होती. हात मागे बांधून, ताठ उभी राहून तिने ती एका दमात म्हटली, अगदी आपण वक्तृत्व स्पर्धेत म्हणायचो तशी. पालकसभेत आपल्या वाट्याला दहा मिनिटं येतात. त्यातली चार मिनिटं तिच्या वर्गाच्या बाईंनी ‘अ बिट रिहर्स्ड’, म्हणजे जरा घोकलेलं वाटलं, यावर घालवली. वार्षिक अहवालात लिहिलं, हिने न घाबरता ‘हॅव अ गो’ करायला हवं. न घाबरता! न घाबरता वर्गापुढे उभी राहिली होती ना माझी पोर? नंतर कळलं की इंग्लंडच्या २०१४ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रमातच पहिली-दुसरीच्या मुलांना कविता पाठ म्हणता याव्यात असं लिहिलंय. मग आमचं पाठांतर कुठे नडलं? हे मी त्या बाईंना विचारलं नाही, आणि आता ती शाळाही मागे पडली. लेक आता कशावरही न अडखळता बोलते, लोक कौतुक करतात, मलाही बरं वाटतं. पण आजीने फोनवर मनाचे श्लोक म्हणायला सांगितले की ती दोन ओळींवर थांबते, आणि तेव्हा मला त्या दहा मिनिटांचा राग येतो.

एकटेपणाचंही विचारलंत. असतो. बोलण्यात एवढी सहजता, पण ‘सहज आले होते’ म्हणत दार वाजवणारं कुणी नाही; चहालासुद्धा दोन आठवडे आधी तारीख ठरते. ‘यू मस्ट पॉप राउंड’ला आमंत्रण समजू नका, तारीख आली तरच ते आमंत्रण. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचं आहे, गणपतीला जाऊन या.

तर मुलीला आणखी इंग्रजीच्या क्लासला घालू नका. घरी रोज जेवताना तिला दिवसभराचं काहीही सांगायला लावा, मराठीतच, मध्ये न सुधारता. आणि श्लोक, पाढे, कविता जे पाठ आहे ते सोडू देऊ नका, बाई काहीही म्हणोत.