वालुकाश्मातील युरेनियमसोबत व्हॅनेडियम, रेनियम यांसारखे धातू का सापडतात, आणि ते काढता येतात का?

आपल्या प्रश्नाचे दोन भाग आहेत: हे दुर्मीळ, महत्त्वाचे धातू युरेनियमच्या सोबतीला का असतात, आणि युरेनियम काढता काढता तेही आपोआप हाती लागतात का. मी भूविज्ञान शिकवतो. पहिल्या भागाचे उत्तर सरळ आहे, दुसऱ्याचे नाही.

वालुकाश्म सच्छिद्र असल्यामुळे त्यातून भूजल वाहत राहते. प्राणवायू विरघळलेले पावसाचे पाणी ग्रॅनाइटमधून किंवा ज्वालामुखीच्या राखेच्या थरांतून झिरपताना युरेनियम सोबत घेते, कारण सहा संयुजेचे युरेनियम, विशेषतः कार्बोनेटच्या साथीने, पाण्यात सहज विरघळते. हेच पाणी पुढे वनस्पतींचे अवशेष आणि पायराइट (लोह व गंधकाचे खनिज) असलेल्या करड्या वाळूत शिरले की प्राणवायू संपतो, युरेनियम चार संयुजेवर येते आणि युरेनिनाइट किंवा कॉफिनाइट या खनिजांच्या रूपाने वाळूच्या कणांमधल्या जागेत साचते. व्हॅनेडियम, सेलेनियम, मॉलिब्डेनम आणि रेनियम यांचीही रीत हीच: प्राणवायू असेपर्यंत प्रवास, तो संपला की मुक्काम.

मुक्कामाची जागा मात्र प्रत्येकाची थोडी वेगळी असते. वायोमिंगमधील शर्ली खोऱ्यासारख्या ठिकाणी पाण्याच्या वाहण्याच्या दिशेने ओळीत घेतलेल्या विंधनांचे नमुने शेजारी-शेजारी मांडले, तर एका टोकाला गंजासारखी पिवळट-तांबूस वाळू, दुसऱ्या टोकाला पायराइटचे चमकते कण असलेली करडी वाळू आणि दोहोंच्या मध्ये काळपट पट्टा असा क्रम दिसतो. सेलेनियम गंजलेल्या बाजूच्या कडेला, युरेनियम काळपट पट्ट्यात, तर मॉलिब्डेनम त्याच्याही पुढे करड्या वाळूत साचलेले असते. त्यामुळे एकाच जागी सगळेच धातू भरपूर मिळतील, ही अपेक्षा बहुधा फोल ठरते.

कोलोरॅडो पठारावरील युराव्हान पट्टा हे या विषयातले सर्वांत बोलके उदाहरण आहे, असे मला वाटते. तेथे ज्युरासिक काळातील मॉरिसन शैलसमूहाच्या वालुकाश्मात व्हॅनेडियमचे प्रमाण युरेनियमच्या कितीतरी पट आहे. व्हॅनेडियम, युरेनियम आणि पोटॅशियम यांचे मिळून बनलेले पिवळेधमक कार्नोटाइट प्राणवायूच्या सान्निध्यातही फारसे विरघळत नाही, म्हणून ते उघड्या कड्यांवरही टिकून राहते. प्राचीन नदीत वाहून आलेल्या ओंडक्यांच्या जीवाश्मांत तर ते ठासून भरलेले सापडले आहे. याच धातुकातून आधी रेडियम काढले गेले. 1921 मध्ये मेरी क्युरी यांना अमेरिकेत भेट मिळालेले एक ग्रॅम रेडियम कार्नोटाइटमधूनच आले होते. बेल्जियन काँगोतील समृद्ध धातुकापुढे हा धंदा बसला, मग पोलादासाठी व्हॅनेडियमची मागणी आली, आणि 1940 च्या दशकात, व्हॅनेडियम काढून घेतल्यावर फेकून दिलेल्या गाळातून मॅनहॅटन प्रकल्पासाठी, म्हणजे अमेरिकेच्या अणुबाँब प्रकल्पासाठी, युरेनियम वेगळे केले गेले. आज युटा राज्यातील व्हाइट मेसा कारखान्यात क्रम उलटा आहे: आम्लात विरघळवलेल्या धातुकातून प्रथम युरेनियम काढतात आणि उरलेल्या द्रावणातून व्हॅनेडियम पेंटॉक्साइड मिळवतात.

खाण न खोदता, विहिरींतून द्रावण सोडून जागेवरच युरेनियम विरघळवण्याची पद्धत आता जगात निम्म्याहून अधिक उत्पादनासाठी वापरली जाते, आणि तिथे हिशेब बदलतो. अमेरिकेत यासाठी बायकार्बोनेट आणि प्राणवायू वापरतात; चिकणमातीच्या खनिजांत अडकलेले व्हॅनेडियम त्याला सहसा दाद देत नाही. कझाकस्तानात सल्फ्युरिक आम्ल वापरतात, जे अधिक धातू सोडवते. रेनियमचे प्रमाण द्रावणात अत्यल्प असले तरी ते विमानांच्या इंजिनांतील मिश्रधातूंसाठी इतके मोलाचे आहे, की द्रावण आधीच वर आणलेले असताना त्यासाठी आयन-विनिमयाचा (द्रावणातील धातू रेझिनच्या मण्यांवर पकडण्याचा) आणखी एक टप्पा जोडणे परवडू शकते. स्कँडियमची गोष्ट निराळी आहे: त्याची संयुजा बदलतच नाही, ते आम्लामुळे वाळूतील इतर खनिजांतून निघून द्रावणात येते. रशियातील कुर्गान प्रदेशात युरेनियमच्या अशाच द्रावणांतून ते वेगळे करण्याचा प्रकल्प आहे.

सेलेनियमविषयी मी मुद्दाम सावध करीन. सौर पट्ट्यांना आणि काचेला ते हवे असते, पण विहिरींत प्राणवायू सोडल्यावर तेही विरघळून भूजलात येते. तिथे ते विषारी प्रदूषक ठरते आणि काम संपल्यावर पाणी पूर्ववत करण्याचा खर्च वाढवते.

भारताने 2023 मध्ये जाहीर केलेल्या 30 महत्त्वाच्या खनिजांच्या यादीत व्हॅनेडियम, सेलेनियम, मॉलिब्डेनम आणि रेनियम हे चारही आहेत. आपल्याकडचे वालुकाश्मातील प्रमुख युरेनियम साठे मेघालयात, महादेक वालुकाश्मात, डोमियासिआतच्या परिसरात आहेत. मात्र खासी समाजाच्या दीर्घ विरोधामुळे तेथे व्यावसायिक खाणकाम सुरू झालेले नाही, आणि माझ्या मते सोबतच्या धातूंचे आमिष हे तो विरोध डावलण्याचे कारण होऊ शकत नाही.