चार वाद्ये आणि एकच मोजपट्टी

प्रश्न : मी हौशी वादक असून की-बोर्ड, गिटार, तबला आणि बासरी वाजवतो. एका हौशी वाद्यवृंदाच्या अर्जात प्रत्येक वाद्यावरील प्रावीण्याला १० पैकी गुण द्यायचे होते. मी अनुक्रमे ८, ६, ५ आणि ३ असे लिहिले. मात्र सर्वाधिक रियाज बासरीचाच असल्याने हे गुण मला खटकतात. स्वतःचे मूल्यमापन योग्य रीतीने कसे करावे?

उत्तर : आपल्याला हे खटकले, ते रास्तच आहे. प्रत्येक वाद्याची अवघड जागा वेगळी असते आणि एकाच मापाने ती मोजली की ज्या वाद्याची सुरुवात सोपी, त्याला आपोआप जास्त गुण पडतात. की-बोर्डची पट्टी दाबली की पहिल्या दिवसापासून नेमका सूर मिळतो. बासरीत मात्र फुंकेचा कोन आणि ओठांची ठेवण जमेपर्यंत सूर स्थिर होत नाही. शिवाय वरची तीन छिद्रे झाकून षड्ज (सा) धरण्याच्या प्रचलित पद्धतीत शुद्ध मध्यमासाठी (म) सर्वांत वरचे छिद्र अर्धेच उघडावे लागते आणि ते ‘अर्धे’ केवळ कानानेच ठरते. तो मध्यम किंचित चढला किंवा उतरला, हे आपल्याला कळत असेल आणि म्हणूनच आपण ३ गुण दिले असतील, तर ते आपल्या तयार झालेल्या कानाचे लक्षण आहे.

डेव्हिड डनिंग आणि जस्टिन क्रूगर या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तर्क, व्याकरण व विनोदाची जाण यांच्या चाचण्यांत सर्वांत मागे राहिलेल्यांनी स्वतःला सरासरीच्या वर मानले होते, तर सर्वांत पुढे असलेल्यांनी आपले स्थान थोडे खालचे सांगितले होते. त्या चाचण्या संगीताच्या नव्हत्या. तरीही चुका ओळखण्यासाठी बहुधा तेच कौशल्य लागते जे त्या टाळण्यासाठी लागते, हा त्यांचा मुद्दा वादनालाही लागू पडतो, असे मला वाटते.

त्यामुळे मला खरी शंका आहे ती की-बोर्डच्या ८ गुणांची. ट्रान्सपोजचे (बोटे न बदलता पट्टी बदलून देणारे) बटण आणि तयार ताल दोन्ही बंद ठेवून, एकच धून काळी एक, पांढरी चार आणि काळी पाच या पट्ट्यांत (म्हणजे त्या त्या सुराला ‘सा’ मानून), डाव्या हाताच्या साथीसह वाजवून पाहावी. अनेक हौशी वादकांची बोटे एकाच पट्टीत रुळलेली असतात आणि बटणामुळे ही उणीव वर्षानुवर्षे झाकली जाते. गिटारवर, पहिले बोट सहाही तारांवर आडवे ठेवून धरायची एफ कॉर्ड लय न मोडता घेता-सोडता येते का, हे तपासावे. तबल्यावर त्रितालाचा १६ मात्रांचा ठेका मेट्रोनोमबरोबर (ठरावीक लयीत टिकटिक करणारे यंत्र) आधी संथ आणि मग दुप्पट लयीत वाजवावा. संथ लयीतच अधिक जण घसरतात.

हे सारे ध्वनिमुद्रित करून दोन दिवसांनी ऐकावे, कारण वाजवताना लक्ष बोटांकडे असते आणि कान अर्धाच जागा असतो.

अर्जात गुणांसोबत प्रत्येक वाद्यावर नेमके काय जमते तेही लिहावे : कोणत्या पट्ट्या, कोणते ताल, किती लय, स्वरलिपी वाचता येते की नाही. आपल्याकडे कोणत्या पट्टीच्या बासऱ्या आहेत, हेही आवर्जून कळवावे. इतरांची पट्टी ठरवताना संयोजकांना ती माहिती लागेल.