सुनीता विल्यम्स यांनी इराकवरील नो-फ्लाय झोनमध्ये लढाऊ विमान चालवले होते का?

नाही. सुनीता विल्यम्स या अमेरिकी नौदलाच्या हेलिकॉप्टर वैमानिक होत्या. 1987 मध्ये नेव्हल अकादमीतून अधिकारी झालेल्या विल्यम्स यांना 1989 मध्ये नौदल वैमानिकाचा दर्जा मिळाला, आणि नॉरफोक येथील ‘एचसी-8’ पथकातून त्या भूमध्य समुद्र, तांबडा समुद्र व पर्शियन आखातात तैनात झाल्या. त्यांतील एक मोहीम ‘प्रोव्हाइड कम्फर्ट’ होती. 1991 च्या आखाती युद्धानंतर सद्दाम हुसेन यांच्या सैन्यापासून जीव वाचवण्यासाठी डोंगरांत पळालेल्या उत्तर इराकमधील कुर्द लोकांना अन्न व संरक्षण मिळावे म्हणून अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी ती राबवली आणि 36 अंश अक्षवृत्ताच्या उत्तरेस इराकी विमानांना उड्डाणबंदी केली.

बंदीची गस्त लढाऊ विमाने घालत. विल्यम्स यांच्या पथकाकडील एच-46 सी नाइटसारखी हेलिकॉप्टरे मात्र भर समुद्रात जहाजांना रसद पोहोचवत. हे काम दुय्यम समजणे मला अन्यायाचे वाटते, कारण रसदीवाचून कोणतेही आरमार किनाऱ्यापासून दूर फार काळ टिकत नाही. सप्टेंबर 1992 मध्ये अँड्र्यू चक्रीवादळानंतर मायामीला मदतीसाठी गेलेल्या एच-46 तुकडीच्या त्या प्रमुख होत्या. पुढे त्या चाचणी वैमानिक झाल्या. 1998 मध्ये नासाने अंतराळवीर म्हणून निवड केली तेव्हा त्या ‘सायपान’ या युद्धनौकेवर होत्या.